लोकशाही वाढवणाऱ्या सुधारणा झाल्या, मग मतदान का घटले?

अमेरिकेच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न असा आहे: १८९० ते १९२० या 'प्रोग्रेसिव्ह' (सुधारणावादी) कालखंडात गुप्त मतपत्रिका, उमेदवार निवडण्यासाठी थेट प्राथमिक निवडणूक, सार्वमत, सिनेट सदस्यांची लोकांकडून निवड आणि अखेरीस स्त्रियांचा मताधिकार अशा सुधारणा एकापाठोपाठ एक झाल्या. असे असताना अध्यक्षीय निवडणुकीतील मतदान १८९६ मधील सुमारे ७९ टक्क्यांवरून १९०४ मध्ये ६५ टक्क्यांवर, १९१२ मध्ये ५९ टक्क्यांवर आणि १९२० मध्ये ४९ टक्क्यांवर कसे आले? पाठ्यपुस्तकात सुधारणा एका प्रकरणात असतात आणि मतदानाचे आकडे दुसऱ्याच, त्यामुळे त्यांचा परस्परसंबंध कळत नाही, अशी तिची तक्रार आहे. ती रास्त आहे. हा विषय अनेक वर्षे पदव्युत्तर वर्गांना शिकवताना मला हाच प्रश्न सर्वांत उपयोगी वाटत आला आहे, कारण त्याचे उत्तर शोधताना या सुधारकांना नेमके काय हवे होते याचा विचार करावाच लागतो.

माझे उत्तर आधीच सांगतो. बहुसंख्य सुधारकांना जास्त मतदार नको होते. त्यांना 'चांगले' मतदार हवे होते. पक्षयंत्रणेची पकड मोडणे हे त्यांचे उद्दिष्ट होते आणि त्यात त्यांना बऱ्याच अंशी यश आले. परंतु गरीब, अल्पशिक्षित आणि नवागत माणसाला मतपेटीपर्यंत आणून सोडणारी संस्था नेमकी हीच पक्षयंत्रणा होती. ती दुबळी झाली आणि तिची जागा घेणारे दुसरे काही उभे राहिले नाही. दक्षिणेकडील राज्यांत तर मतदार कमी करणे हाच उघड हेतू होता, आणि तोही 'निवडणुकीचे शुद्धीकरण' याच भाषेत मांडला जात होता.

प्रथम मतपत्रिकेकडे पाहू, कारण तिथे ही प्रक्रिया सर्वांत स्पष्ट दिसते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सरकार मतपत्रिका छापत नसे. प्रत्येक पक्ष आपापल्या उमेदवारांच्या नावांची चिठ्ठी छापी, बहुधा ओळखू येईल अशा रंगात, आणि पक्षाचे कार्यकर्ते ती मतदान केंद्राबाहेर मतदाराच्या हातात देत. मतदाराने ती सर्वांदेखत पेटीत टाकायची. यात मत विकत घेणे अतिशय सोपे होते, कारण विकत घेतलेला माल खरोखर मिळाला की नाही हे डोळ्यांनी पाहता येत असे. पण याच पद्धतीत अक्षरशत्रू माणूसही अडखळत नसे, ही दुसरी बाजू होय. १८८८ मध्ये मॅसॅच्युसेट्सने संपूर्ण राज्यासाठी ऑस्ट्रेलियन पद्धतीचा कायदा केला: सरकारने छापलेली एकच मतपत्रिका, त्यावर सर्व पक्षांचे उमेदवार आणि मत देण्यासाठी आडोसा. चार-पाच वर्षांत बहुतेक राज्यांनी तिचे अनुकरण केले. लाचखोरीला यामुळे मोठा आळा बसला, यात वाद नाही. तथापि ज्या राज्यांत मतपत्रिकेवर पक्षाचे चिन्ह छापले जात नसे आणि निरक्षराला मदत घेण्याची मुभा नव्हती, तिथे ही मतपत्रिकाच साक्षरतेची परीक्षा ठरली. १९०० च्या जनगणनेत दहा वर्षांवरील कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ४४ टक्के निरक्षर होते. त्यामुळे दक्षिणेतील विधिमंडळांना ही 'सुधारणा' का आवडली हे वेगळे सांगायला नको.

दक्षिणेत असे प्रयोग आधीच सुरू झाले होते. साउथ कॅरोलिनाने १८८२ मध्ये आठ पेट्यांचा कायदा केला. प्रत्येक पदासाठी वेगळी पेटी, आणि चुकीच्या पेटीत पडलेले मत बाद! परंतु खरी मोठी कारवाई राज्यघटना बदलून झाली. मिसिसिपीने १८९० मध्ये दोन डॉलरचा पोल टॅक्स (मतदानासाठी भरावा लागणारा कर) आणि घटनेचे कलम वाचण्याची किंवा ऐकून त्याचा अर्थ सांगण्याची अट घातली. अर्थ बरोबर सांगितला की चूक, हे गोरा नोंदणी अधिकारी ठरवणार होता. १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध मानली, कारण तिच्या शब्दांत वर्णाचा उल्लेख कोठेच नव्हता. त्याच वर्षी लुईझियानाने 'आजोबांचे कलम' आणले: १ जानेवारी १८६७ पूर्वी ज्याला मताधिकार होता त्याला, त्याच्या मुलाला आणि नातवाला साक्षरतेची किंवा मालमत्तेची अट लागू नव्हती. त्या तारखेला लुईझियानात कृष्णवर्णीयांना मताधिकारच नव्हता. परिणाम असा झाला, की ही घटना येण्यापूर्वी राज्याच्या यादीत १ लाख ३० हजारांहून अधिक कृष्णवर्णीय मतदार होते आणि १९०४ मध्ये ते १,३४२ उरले. हे कलम न्यायालयाने १९१५ मध्ये, ओक्लाहोमातील अशाच तरतुदीच्या खटल्यात, रद्द ठरवले. तोवर त्याचे काम होऊन गेले होते.

येथे विद्यार्थी एक आक्षेप घेतात, की हा वर्णद्वेष आहे, सुधारणा नव्हे, आणि दोन्ही एका माळेत ओवू नयेत. हा आक्षेप मला मान्य नाही, आणि त्याचे कारण माणसांची चरित्रे पाहिली की समजते. व्हर्जिनियाच्या १९०१-०२ च्या घटना परिषदेत तिचे सदस्य कार्टर ग्लास यांनी उघडपणे सांगितले होते, की भेदभाव करणे हाच तर आमचा उद्देश आहे आणि त्यासाठीच ही परिषद निवडून आली आहे. त्या परिषदेने दीड डॉलरचा पोल टॅक्स ठेवला, तोही मागील तीन वर्षांचा आणि निवडणुकीच्या सहा महिने आधी भरलेला असला पाहिजे या अटीवर. आणि नवी घटना लोकांच्या मताला न टाकता परस्पर जाहीर केली. या राज्यात अध्यक्षीय निवडणुकीत १९०० मध्ये सुमारे २ लाख ६४ हजार मते पडली होती, १९०४ मध्ये सुमारे १ लाख ३० हजार पडली. म्हणजे गरीब गोरेही मोठ्या संख्येने यादीबाहेर गेले. हेच ग्लास पुढे १९१३ मध्ये फेडरल रिझर्व्ह (अमेरिकेची मध्यवर्ती बँक) कायद्याचे प्रतिनिधिगृहातील प्रमुख शिल्पकार होते, आणि तो कायदा प्रोग्रेसिव्ह युगाच्या सर्वांत टिकाऊ सुधारणांपैकी एक आहे. जॉर्जियाचे गव्हर्नर होक स्मिथ यांचेही तसेच. रेल्वे कंपन्यांवर नियंत्रण, कैद्यांना खाजगी मालकांकडे मजुरीला देण्याच्या अमानुष पद्धतीचा शेवट आणि कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेणारी १९०८ ची घटनादुरुस्ती, ही तिन्ही कामे एकाच गव्हर्नरच्या एकाच कारकिर्दीतली आहेत. त्यांना स्वतःला यात विसंगती दिसत नव्हती. त्यांचा युक्तिवाद असा, की विकाऊ मते यादीतून गेली की गोऱ्या मतदारांत मोकळेपणाने मतभेद होऊ शकतील. प्रत्यक्षात एकाच पक्षाचे राज्य आले. थेट प्राथमिक निवडणूक दक्षिणेत लवकर रुजली ती याच परिस्थितीत, कारण डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक हीच खरी निवडणूक होती आणि पक्ष ही खाजगी संघटना आहे असे म्हणून ती फक्त गोऱ्यांपुरती ठेवता येत होती. हा प्रकार १९४४ पर्यंत चालला. साउथ कॅरोलिनाची लोकसंख्या १९२० मध्ये सुमारे १६ लाख ८० हजार होती. १९२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत तिथे एकूण मते पडली सुमारे ५१ हजार.

उत्तरेकडे चित्र इतके काळेकुट्ट नाही, म्हणून ते समजायला अवघड आहे. तिथे मताधिकार सहसा कोणी काढून घेतला नाही. मत देणे अधिक त्रासाचे केले गेले. मोठ्या शहरांत मतदाराने ठरलेल्या दिवशी स्वतः जाऊन नाव नोंदवावे, तेही वारंवार, असे नियम झाले. कारखान्यात दिवसाचे दहा-दहा तास काम करणाऱ्याला यासाठी मजुरी बुडवावी लागे, आणि दर वर्षी घर बदलणाऱ्या भाडेकरूला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. छोट्या गावांत आणि शेतकरी भागांत मात्र हे नियम अनेकदा लागूच नसत. कॅलिफोर्नियाने १८९४ मध्ये आणि न्यूयॉर्कने १९२१ मध्ये इंग्रजी वाचता येण्याची अट घटनेत घातली. एकोणिसाव्या शतकात अनेक पश्चिमी राज्यांत नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेल्या परदेशी पुरुषाला मत देता येत असे. विस्कॉन्सिनने ही सवलत १९०८ मध्ये काढून घेतली आणि शेवटचे राज्य आर्कन्सा १९२६ मध्ये. विस्कॉन्सिनचे उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण गव्हर्नर ला फॉलेट यांच्यामुळे हे राज्य सुधारणांची प्रयोगशाळा म्हणून देशभर गाजले होते. राज्यव्यापी प्राथमिक निवडणूक, रेल्वे आयोग, १९११ चा कामगार नुकसानभरपाई कायदा आणि आयकर हे सगळे तिथलेच.

या साऱ्या नियमांमागे एक प्रामाणिक चीड होती, हे विसरून चालणार नाही. शहरांचे कारभार खरोखरच सडलेले होते. पण सुधारकांपैकी जे खरोखर गरीब वस्तीत जाऊन राहिले त्यांना पक्षाचा 'बॉस' का टिकतो हे लवकर कळले. शिकागोच्या एकोणिसाव्या प्रभागात हल हाउस हे समाजसेवा केंद्र चालवणाऱ्या जेन ॲडम्स यांच्या मंडळींनी तिथल्या जॉनी पॉवर्स नावाच्या नगरसेवकाला १८९६ आणि १८९८ मध्ये आव्हान दिले आणि दोन्ही वेळा मार खाल्ला. ॲडम्स यांनी १८९८ मध्येच त्याची कारणमीमांसा लिहिली. हा माणूस अंत्ययात्रेला गाड्या पाठवतो, नाताळात टर्की वाटतो, पोराला नोकरी लावतो, पोलिसांनी पकडलेल्याला सोडवून आणतो. त्याच्याविरुद्ध आपण फक्त प्रामाणिकपणा घेऊन उभे राहिलो तर लोकांनी आपल्याला का निवडावे, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. आपल्याकडच्या महानगरपालिकेच्या राजकारणाची ज्याला थोडीफार माहिती आहे त्याला यातले काहीच अपरिचित वाटणार नाही. दुर्दैवाने बहुतेक सुधारकांनी ॲडम्स यांचा मार्ग न धरता दुसरा धरला: प्रभागच रद्द करा.

याची सुरुवात एका आपत्तीतून झाली. ८ सप्टेंबर १९०० च्या चक्रीवादळाने टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन बंदर उद्ध्वस्त झाले, हजारो माणसे मेली, आणि पुनर्बांधणीसाठी १९०१ मध्ये नगरपरिषदेऐवजी पाच आयुक्तांचे मंडळ नेमले गेले. त्याची कार्यक्षमता पाहून शेकडो शहरांनी ही पद्धत उचलली. मार्च १९१३ च्या महापुरानंतर ओहायोतील डेटन शहराने त्यापुढचे पाऊल टाकले: पाच जणांचे छोटे मंडळ आणि त्याने नेमलेला पगारी नगर व्यवस्थापक. या मोहिमेचे अध्वर्यू कॅश रजिस्टर बनवणाऱ्या कंपनीचे मालक जॉन पॅटरसन होते, आणि शहर हे एखाद्या चांगल्या कंपनीसारखे चालवावे हा त्यांचा सिद्धांत होता. दोन्ही पद्धतींत सदस्य प्रभागातून न निवडता संपूर्ण शहरातून निवडले जात. त्याचा हिशेब पाहा. डेटनमध्ये जुन्या पद्धतीत १९११ साली समाजवादी पक्षाने सुमारे २५ टक्के मते मिळवून दोन नगरसेवक निवडून आणले होते. नव्या पद्धतीत १९१३ मध्ये ३५ टक्के आणि १९१७ मध्ये ४४ टक्के मते मिळूनही त्यांचा एकही माणूस मंडळावर गेला नाही. मिलवॉकीत १९१० मध्ये समाजवादी एमिल सीडेल महापौर झाले, तेव्हा १९१२ मध्ये दोन्ही मोठ्या पक्षांनी त्यांच्याविरुद्ध एकच उमेदवार दिला, आणि त्याच सुमारास पालिका निवडणुका 'पक्षविरहित' करण्याचा कायदाही झाला. पिट्सबर्गने १९११ मध्ये प्रभागवार निवडलेली मोठी परिषद मोडून साऱ्या शहरातून निवडलेल्या नऊ जणांची परिषद आणली. किराणा दुकानदार, गुत्तेवाले आणि कामगार यांच्या जागी तिथे उद्योगपती आणि वकील बसले. कारभार सुधारला असेलही. पण ज्या गल्लीचा आपला माणूस परिषदेत राहिला नाही त्या गल्लीने मतदानाला उत्साहाने का यावे?

याच्या उलट एक घटना मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, कारण 'सुधारक विरुद्ध भ्रष्ट पक्षयंत्रणा' हा सरधोपट हिशेब तिने कोलमडतो. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधील ट्रँगल कंपनीच्या शर्टवेस्ट कारखान्यात आग लागून १४६ कामगार मेले. त्यांतील बहुतेक स्थलांतरित ज्यू आणि इटालियन तरुण मुली होत्या. त्यानंतर कारखान्यांच्या चौकशीसाठी जो आयोग नेमला गेला त्याचे अध्यक्ष रॉबर्ट वॅग्नर आणि उपाध्यक्ष अल स्मिथ होते, आणि हे दोघेही सुधारकांच्या लेखी पापाचे आगर असलेल्या टॅमनी हॉल या शहरातील डेमोक्रॅटिक पक्षयंत्रणेचे विधिमंडळातील नेते होते. फ्रान्सिस पर्किन्स या आयोगासाठी तपासाचे काम करत होत्या. पुढे त्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या मंत्रिमंडळात देशाच्या पहिल्या स्त्री मंत्री झाल्या. या आयोगाच्या शिफारशींवरून तीसहून अधिक कायदे झाले. टॅमनीला अचानक उपरती झाली होती असे नव्हे. ज्यांच्या घरी प्रेते आली ती कुटुंबे त्यांच्या मतदारसंघात राहत होती. १९१७ मध्ये न्यूयॉर्क राज्याने स्त्रियांना मताधिकार दिला, तेव्हाही टॅमनीने विरोध सोडून तटस्थ राहणे निर्णायक ठरले. १९१५ मधील पहिल्या सार्वमतात हाच प्रस्ताव पडला होता.

त्या १९१५ च्या सार्वमताच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कमध्येच होते; १९१३ ते १९१६ या काळात ते कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. यावरून मी काही कार्यकारणभाव सुचवत नाही. परंतु १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मागताना, निरक्षर माणूस मत देण्यास नालायक असतो ही समजूत खोडून काढली होती. अमेरिकेतल्या साक्षरतेच्या अटींबद्दल वाचताना तो युक्तिवाद शेजारी ठेवून वाचावा, अशी माझी सूचना आहे.

स्त्रियांच्या मताधिकारामुळेच टक्केवारी घसरली, हे स्पष्टीकरण अजूनही काही पुस्तकांत भेटते. ते अर्धवट आहे. १९१२ मध्ये फक्त सहा राज्यांतील स्त्रिया अध्यक्षासाठी मत देऊ शकत होत्या, आणि तोवर मतदान ७९ वरून ५९ टक्क्यांवर आलेलेच होते. ही सारी घसरण मुख्यतः पुरुषांची होती. १९२० मध्ये एकोणिसाव्या घटनादुरुस्तीने मतदारांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली. एकूण मते १९१६ मधील १ कोटी ८५ लाखांवरून २ कोटी ६८ लाखांवर गेली, पण नव्याने आलेल्या स्त्रियांचे मतदान पुरुषांपेक्षा कमी राहिल्याने टक्केवारी आणखी उतरली. इलिनॉयमध्ये स्त्री-पुरुषांची मते वेगळी मोजली जात, त्यावरून हे दिसते. यातही नोंदणीच्या नियमांचा हात होताच: घटनादुरुस्ती ऑगस्टमध्ये संमत झाली आणि जॉर्जिया व मिसिसिपीने नोंदणीची मुदत उलटून गेल्याचे कारण देऊन नोव्हेंबरमध्ये स्त्रियांना मत देऊच दिले नाही.

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी. पहिली अशी, की १८९६ पूर्वीचे आकडे थोडे फुगलेले असणार, कारण बोगस मतेही त्यांत मोजली गेली आहेत. घसरणीचा काही भाग म्हणजे गैरप्रकार थांबल्याचीच खूण आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. १८९६ नंतर दक्षिण डेमोक्रॅटिक आणि उत्तरेचा बराच भाग रिपब्लिकन असा देश विभागला गेला. ज्या राज्यात निकाल आधीच ठरलेला असतो तिथे कोणतेही नियम नसले तरी मतदार घरी बसतो. १९१६ ची लढत चुरशीची होती आणि त्या वर्षी मतदान ६२ टक्क्यांपर्यंत पुन्हा वर गेले, यावरून हा घटक किती प्रभावी होता हे समजते. त्यामुळे परीक्षेत उत्तर लिहिताना 'सुधारणांमुळे मतदान घटले' असे एका वाक्यात लिहू नये. दक्षिणेत हेतुपूर्वक केलेले निर्मूलन, उत्तरेत नोंदणीचे आणि साक्षरतेचे अडथळे, पक्षांची गेलेली ताकद आणि संपलेली चुरस ही चार कारणे वेगळी ओळखावीत, आणि कोणते कारण कोणत्या प्रदेशात केव्हा प्रबळ होते ते सांगावे. दक्षिणेतील घसरण १८९० ते १९०४ या काळात एकदम झाली. उत्तरेतील घसरण संथपणे, दोन-तीन दशकांत झाली. हा फरक दाखवला की उत्तराचे वजन वाढते.

लोकांच्या हाती सत्ता देणाऱ्या सुधारणा नुसता देखावा होत्या असेही मला म्हणायचे नाही. ओरेगॉनने १९०२ मध्ये स्वीकारलेले इनिशिएटिव्ह (मतदारांनीच कायदा सुचवून मताला टाकणे) आणि रेफरेंडम (विधिमंडळाच्या कायद्यावर सार्वमत) किंवा १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने आलेली सिनेटची थेट निवडणूक, यांनी रेल्वे आणि वीज कंपन्यांची विधिमंडळांवरील हुकमत खरोखर सैल केली. कॅलिफोर्नियात सदर्न पॅसिफिक रेल्वेच्या वर्चस्वाविरुद्ध निवडून आलेल्या हायरम जॉन्सन यांच्या कारकिर्दीत, १० ऑक्टोबर १९११ रोजी, एकाच दिवशी २३ घटनादुरुस्त्या लोकांपुढे ठेवल्या गेल्या. त्यांतच स्त्रियांचा मताधिकार होता आणि तो ३,५८७ मतांच्या फरकाने संमत झाला. मात्र २३ प्रस्ताव वाचून, समजून घेऊन त्यांवर वेगवेगळे मत देणारा नागरिक सुशिक्षित आणि सवड असलेला असावा लागतो, हे त्या पद्धतीने गृहीतच धरले होते.

या निर्णयांचे परिणाम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पोहोचले. पोल टॅक्स संघराज्याच्या निवडणुकांतून १९६४ मध्ये चोविसाव्या घटनादुरुस्तीने गेला आणि साक्षरतेच्या परीक्षांवर १९६५ च्या मताधिकार कायद्याने घाव घातला. अलाबामातील मोबाईल शहराने १९११ मध्ये, या लाटेच्या ऐन भरात, तीन आयुक्तांची पद्धत स्वीकारली होती. त्या मंडळावर एकही कृष्णवर्णीय निवडून येत नाही, म्हणून खटला झाला. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भेदभावाचा हेतू सिद्ध करण्याची अट घातली, १९८२ मध्ये काँग्रेसने मताधिकार कायदा सुधारून परिणाम दाखवणे पुरेसे ठरवले, आणि त्याच वर्षी खालच्या न्यायालयाने १९११ च्या कायद्यामागेही भेदभावाचा हेतू होता असा निष्कर्ष काढला. १९८५ मध्ये मोबाईलने आयुक्तांची पद्धत सोडली आणि प्रभागवार निवडलेल्या सात जणांची परिषद आणली.